वॉटसन हॉटेल आणि खामगावचा कापूस

मुंबईत काळ्या घोड्याजवळ उभ्या असलेल्या वॉटसन हॉटेलचा इतिहास बहुधा पाहुण्यांच्या नावांनी सांगितला जातो. 7 जुलै 1896 रोजी ल्युमिए बंधूंची चलच्चित्रे इथे दाखवली गेली, त्याच वर्षी मार्क ट्वेन इथे उतरला होता, वगैरे. हा इतिहास बुलडाणा जिल्ह्यातून, खामगावच्या कापूसबाजारातून सुरू व्हायला हवा, असे माझे ठाम मत आहे. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची भिस्त हिंदुस्थानच्या मालावर आली. वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव मिळाला. त्या तेजीतच गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या कारकिर्दीत मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडला गेला आणि मोकळी झालेली जमीन विक्रीला निघाली. जॉन वॉटसन या कापडव्यापाऱ्याने तिथेच जागा घेतली.

तेजी तर 1865 मध्येच कोसळली आणि हॉटेल उघडले 1871 मध्ये. मग कापसाचा संबंध काय, असे कोणी विचारेल. भाव पडले, पण व्यापाराची वाट मोडली नाही, उलट पक्की झाली. 1867 मध्ये मुंबईची रेल्वे मलकापूर, नांदुरा, शेगाव करत नागपूरला पोचली. खामगाव बाजूला राहिले, म्हणून जलंबहून खास फाटा टाकला गेला आणि 1870 मध्ये त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले. इंग्रजांना तिथल्या गाठींची निकड किती होती, हे एवढ्यावरून कळते. नेमक्या याच सुमारास रोलंड मेसन ऑर्डिश या अभियंत्याने आखलेला हॉटेलचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये घडून सुट्या भागांनी मुंबईत येत होता. भार खांब-तुळयांनी पेलायचा, भिंती फक्त मधली जागा भरायला, ही त्याची रचना त्या काळी विरळ होती. खामगावचा रुपया वॉटसनच्या वहीत सापडेल, असा माझा दावा नाही. पण ज्या व्यापारासाठी साहेब मुंबईत उतरत, त्यात वऱ्हाडच्या शेतकऱ्याचे कष्ट होते.

हॉटेल गोऱ्यांसाठीच होते, मग आपल्याला त्याचे ममत्व का, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. माझ्या मते ज्यांच्या मालावर शहर वाढले त्यांनाच जिथे दार बंद होते, ती वास्तू वसाहतीच्या व्यवहाराचा उभा पुरावा आहे. 2005 मध्ये तिचा काही भाग कोसळला, 2019 मध्ये ती रिकामी केली गेली आणि पाडण्याची शिफारसही झाली. सुरक्षिततेची चिंता खरीच आहे, पण जिथे भार सांगाड्यावर असतो तिथे भिंती-गॅलऱ्या उतरवून लोखंड दुरुस्त करण्याचा मार्ग आधी कसून तपासला पाहिजे.