वारुळातली शेती

आषाढ लागतो. जमीन चांगली भिजते. मग पेण आणि रोह्याच्या बाजारात कातकरी व ठाकूर बाया रानअळंबी घेऊन बसतात.

आम्ही एका आजीला विचारले, "आजी, हिचं बी कुठं पेरता?"

आजी हसली. "बी कसलं, बाबा? वारूळ ठाऊक पाहिजे. दरसाल तिथंच येते."

आजी म्हणाली ते खरे आहे. ते कसे, हे आपण पाहू.

वाळवी सुका पाला, काड्या, लाकूड खाते. पण ते तिला नीट पचत नाही. म्हणून ती वारुळात शेती करते! आपल्या विष्ठेचे ती मधाच्या पोळ्यासारखे पोळे रचते. त्यावर बुरशी वाढते. बुरशी पाला-लाकूड कुजवून मऊ करते. मग ते पोळे आणि बुरशीचे पांढरे दाणे वाळवी खाते. बुरशीला घर मिळाले. वाळवीला जणू शिजवलेले अन्न मिळाले. एकीवाचून दुसरी जगत नाही. ही भागी सुमारे ३ कोटी वर्षांची आहे.

बुरशी हे झाड समजा. अळंबी हे त्याचे फळ. पावसाने माती मऊ झाली की बुरशीचा कोंब वर निघतो. त्याचे टोक टणक असते. ते माती फोडते. वर छत्री उघडते. खाली लांब दांडा थेट पोळ्यापर्यंत गेलेला असतो. म्हणूनच गोव्यात हिला रोयणीची अळमी म्हणतात. रोयण म्हणजे वारूळ.

भाताच्या पेंढ्यावर धिंगरी अळंबी वाढते, तशी ही वाढत नाही. हिला वाळवीच लागते.

पण एक सांभाळा. रानातली प्रत्येक छत्री खाण्याची नसते. काही फार विषारी असतात. शिजवून ते विष जात नाही. रुप्याचे नाणे किंवा लसूण टाकून विष कळते, हेही खोटे. ओळख पक्की नसेल तर खाऊ नका. विषाची उलटी-जुलाब कधी ६ तासांनी, कधी त्याहून उशिरा लागतात. मध्ये थोडे बरे वाटते, पण आत यकृत नासत असते. म्हणून लगेच दवाखाना गाठा. उरलेली अळंबी सोबत न्या.

आणि वारूळ जपा. पहारीने फोडू नका. त्यात औषध ओतू नका. रान पेटवू नका. सुका पाला जळाला तर वाळवी काय खाणार?

निघताना आजी म्हणाली, "सगळी उपटायची नाही. दोन-चार ठेवायची."

हेही खरेच. उघडलेल्या छत्रीतून धुळीसारखे बारीक कण गळतात. तेच तिचे बी. नवे वारूळ बसते तेव्हा वाळवी बहुधा बाहेरून हेच कण आत नेते. आज दोन छत्र्या ठेवल्या, तर पुढे आपल्या नातवंडांच्या ताटात अळंबी पडेल.