एक जोडणी, अनेक संगणक

आमच्या मिरजेच्या घरात इंटरनेटची जोडणी एकच आहे आणि तिच्यावर अवलंबून असणारी माणसे सहा. पुढच्या खोलीत टेबलावरचा जुना संगणक, त्याला जोडलेला प्रिंटर व स्कॅनर. मागच्या खोलीत भाचीचा लॅपटॉप. आणि शिवाय सर्वांच्या हातातील मोबाईल. भाची शिक्षणासाठी आमच्याकडे राहते. गेल्या वर्षी तिच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची अखेरची तारीख होती. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला व गुणपत्रक हे सर्व पुढच्या संगणकावर स्कॅन करून ठेवले होते. अर्ज मात्र ती मागच्या खोलीत लॅपटॉपवर भरीत होती. रात्री नऊ वाजता तिची हाक आली, "मामा, पुढचा संगणक यात दिसतच नाही हो!"

गंमत अशी की इंटरनेट दोन्हीकडे व्यवस्थित चालू होते. एकाच घरातील, एकाच जोडणीवरील दोन संगणक जगाशी बोलत होते, पण एकमेकांशी बोलत नव्हते. पेनड्राइव्ह ऐनवेळी सापडला नाही. शेवटी आम्ही पुढच्या संगणकावरून भाचीला ई-मेल केली व तिने ती मागे उघडली. म्हणजे पुढच्या खोलीतला कागद गावाबाहेर, कोठल्या तरी दूरच्या सर्व्हरवर जाऊन, पुन्हा आमच्याच मागच्या खोलीत आला. अर्ज अकरा वाजून गेल्यावर दाखल झाला. आम्ही कला शाखेचे पदवीधर व पेशाने बँकेतील लिपिक. पण ही फजिती पुन्हा नको म्हणून त्यानंतर बसून हा विषय समजून घेतला. तो आपल्या सभासदांना, विशेषतः विद्यार्थ्यांना, उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे मांडीत आहोत.

आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमामार्फत व प्रथम मोठ्या शहरांत. ती टेलिफोनवरून नंबर फिरवून घ्यायची जोडणी होती. संगणक चालू असला की टेलिफोन बंद. २००५ च्या जानेवारीत भारत संचार निगमाची ब्रॉडबँड सेवा सुरू झाली व एकाच तारेवर दोन्ही कामे होऊ लागली. त्या काळी सेकंदाला २५६ किलोबिट वेग असला की सरकारी व्याख्येप्रमाणे ते ब्रॉडबँड होते. ही मर्यादा २०१३ मध्ये ५१२ किलोबिट व २०२३ मध्ये २ मेगाबिट झाली. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जाहिरातीतील वेग बिटमध्ये असतो व फाईलचा आकार बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. तेव्हा ४० मेगाबिटची जोडणी म्हणजे सेकंदाला फार तर ५ मेगाबाइट. बाकीचे कोणी खाल्ले म्हणून भांडण्यात अर्थ नाही.

आता मूळ प्रश्न. एक जोडणी अनेकांना वाटली जाते ती कशी? हे काम राउटर नावाची पेटी करते. हल्ली फायबरची पेटी व राउटर पुष्कळदा एकाच डब्यात असतात, त्यामुळे लोक दोहोंना 'मोडेम' म्हणतात. पण कामे वेगळी आहेत. एक प्रकाशाचे विजेच्या संकेतांत रूपांतर करते, दुसरी वाटप करते.

इंटरनेटवरील प्रत्येक जोडणीस अंकांचा एक पत्ता लागतो. जुन्या व आजही सर्वत्र चालणाऱ्या पद्धतीत असे पत्ते सुमारे ४२९ कोटीच होऊ शकतात. जगातील संगणक व मोबाईल यांना ते पुरणारे नाहीत, हे नव्वदीच्या दशकातच कळून चुकले होते. म्हणून १९९४ साली एक तोड प्रसिद्ध झाली. घराला बाहेरचा पत्ता एकच द्यावा व घरातील संगणकांना आतल्या आत खाजगी क्रमांक द्यावेत. १९२.१६८ ने सुरू होणारे क्रमांक आपण पाहतो ते हेच. ते लाखो घरांत तेच ते असतात, कारण घराबाहेर त्यांना किंमत नाही.

बँकेत काम केलेल्यास हे चटकन उमगते. शाखेतून पत्र बाहेर जाते तेव्हा त्यावर शिक्का शाखेचा असतो. ते कोणत्या टेबलावरून गेले, हे जावक नोंदवहीत लिहिलेले असते. उत्तर येते ते शाखेच्या नावे. नोंदवही पाहून शिपाई ते योग्य टेबलावर नेऊन देतो. राउटर दर क्षणी हीच आवक-जावक लिहीत असतो. ज्या पत्राची जावक नोंदच नाही असे काही बाहेरून आले तर ते कोणाला द्यायचे हे त्याला कळत नाही व तो ते टाकून देतो. त्यामुळे घरच्या संगणकांना थोडे संरक्षणही आपोआप मिळते. आतले क्रमांकही राउटरच वाटतो, टोकन दिल्यासारखे. संगणक चालू झाला की टोकन घेतो, मुदत संपली की ते दुसऱ्याला मिळू शकते.

आमची चूक येथेच होती. आमचे घर जुने, दगडमातीचे. मधली भिंत दीड हात जाडीची. पुढच्या खोलीतील वायरलेस मागे पोहोचेना, म्हणून आम्ही बाजारातून दुसरा राउटर आणला, पुढच्या राउटरपासून त्याला केबल ओढली व ती त्याच्या वेगळ्या रंगाच्या, 'वॅन' असे लिहिलेल्या खाचेत खोचली. दिवे लागले, इंटरनेट आले, आम्ही खूष. प्रत्यक्षात शाखेच्या आत दुसरी शाखा उघडली गेली होती! दुसऱ्या राउटरने आपली स्वतंत्र नोंदवही घातली व मागच्या खोलीला स्वतःची टोकने वाटावयास सुरुवात केली. संगणक एकमेकांना नावाने हाक मारून शोधतात, ती हाक आपल्याच दालनापुरती ऐकू जाते. म्हणून लॅपटॉपला पुढचा संगणक व प्रिंटर 'दिसत' नव्हते.

उपाय पंधरा मिनिटांचा निघाला. दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये शिरून त्याचा स्वतःचा क्रमांक बदलला, जेणेकरून तो पहिल्याशी जुळणार नाही. मग त्याचे टोकन वाटणे, म्हणजे 'डीएचसीपी', बंद केले. शेवटी केबल 'वॅन' खाचेतून काढून शेजारच्या साध्या 'लॅन' खाचेत घातली. क्रम हाच ठेवावा. आधीच केबल हलवली तर दोघे मिळून टोकने वाटतात व घरभर गोंधळ होतो. नव्या राउटरमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असा तयार पर्याय असतो, तो निवडला की पुरे. तेव्हापासून वायरवरचा संगणक व वायरलेस लॅपटॉप एकाच दालनात आहेत आणि भाची मागच्या खोलीतून पुढच्या प्रिंटरवर छापते.

वायर बरी की वायरलेस, हा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो. दोहोंचा स्वभाव वेगळा आहे. केबलमध्ये पीळ दिलेल्या तारांच्या चार जोड्या असतात व ती १०० मीटरपर्यंत बिनतक्रार चालते. प्रत्येक संगणकास त्याची स्वतःची वाट मिळते. वायरलेसमध्ये हवा एकच, आणि एका वेळी एकानेच बोलायचे. ही एका खिडकीची रांग समजा. रांगेत कोणी चिल्लर मोजून देणारा आला की मागचे सगळे खोळंबतात. त्याचप्रमाणे दूरच्या कोपऱ्यातील, क्षीण संकेतावर रखडणारा जुना लॅपटॉप हवेचा वेळ अडवून ठेवतो व राउटरशेजारी बसलेल्याचाही वेग घटतो. पुष्कळदा दोष बाहेरच्या जोडणीचा नसून आपल्या घरातील हवेचा असतो. खात्री करावयाची तर संगणक वायरने राउटरला जोडून वेग मोजावा. वायरवर पुरा येत असेल तर तक्रार करण्यापूर्वी आपले घर तपासावे.

म्हणून आम्ही असे ठरविले की जी वस्तू जागची हलत नाही तिला वायर, हलते तिला वायरलेस. टेबलावरचा संगणक, टीव्ही व मागचा राउटर वायरवर घेतले. हवा लॅपटॉप व मोबाईल यांना मोकळी राहिली. ऑनलाइन परीक्षेच्या दिवशी मात्र लॅपटॉपलाही केबल लावतो. राउटर उंचावर, खोलीच्या मध्याकडे ठेवावा. लोखंडी कपाटामागे किंवा फ्रिजच्या डोक्यावर ठेवलेले राउटर आम्ही कितीतरी घरांत पाहिले आहेत. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून बऱ्या जातात पण तेथे गर्दी फार. त्यात परस्परांवर न चढणारे मार्ग तीनच, १, ६ व ११. ५ गिगाहर्ट्झला वेग अधिक, पण आमच्या दगडी भिंतीपुढे त्या हात टेकतात.

गरज पाहून साधन निवडण्याचे एक मोठे उदाहरण आपल्याच भागात घडले आहे. १९९८ साली वारणानगर परिसरातील, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे उघडून ती मध्यवर्ती ठिकाणाशी जोडण्याची योजना झाली. पुढे असे दिसले की शेतकऱ्याला तेथून मुख्यतः आपल्या उसाची माहिती हवी असते. २००६-०७ च्या सुमारास सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलवरील एसएमएसने ते काम करून पाहिले गेले व ते चालले.

आता जोखमीची बाजू. वर म्हटले की बाहेरच्या जगाला आपल्या घराचा एकच पत्ता दिसतो. आतून पत्र कोणी लिहिले हे बाहेरच्यास कळत नाही. शिक्का आपला असतो. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटे स्फोटांची जबाबदारी घेणारी ई-मेल वृत्तवाहिन्यांना गेली होती. पोलिसांनी पत्ता शोधला तो नवी मुंबईत, सानपाड्यात राहणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाच्या घराचा निघाला. त्याच्या वायरलेस जोडणीचा कोणी तिसऱ्यानेच वापर केला होता. पण चौकशीला तोंड त्याला द्यावे लागले. त्याच वर्षी माटुंग्यातील एका महाविद्यालयाच्या व चेंबूरमधील एका कंपनीच्या वायरलेसचा असाच गैरवापर झाला. पुढे २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वायरलेस जोडण्या सुरक्षित करण्याबाबत सेवा देणाऱ्या कंपन्यांना सूचना काढल्या. तेव्हा वायरलेसला पासवर्ड हवाच व तो 'डब्ल्यूपीए२' किंवा 'डब्ल्यूपीए३' प्रकारचा. जुना 'डब्ल्यूईपी' २००१ सालीच फोडला गेला आहे. राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड वेगळा असतो, तोही बदलावा. कंपनीने दिलेला 'ॲडमिन' सर्वांना पाठ आहे.

हे वाचल्यावर आम्हाला पेच पडला. आमच्या गल्लीत ज्यांच्या घरी जोडणी नाही अशी मुले संध्याकाळी आमच्या पायरीवर बसून अभ्यास करीत. पासवर्ड काढून घ्यावा तर त्यांचा अभ्यास बुडतो. ठेवावा तर शिक्का आमचा. घरात यावर दोन दिवस चर्चा झाली. आमच्या आईचे म्हणणे, "पोरं ओळखीची हायेत, त्यांचा काय दोष?" ते खरेच होते. मग राउटरमधील 'गेस्ट नेटवर्क' उघडले. त्यावरील मोबाईलला इंटरनेट मिळते, पण आपले संगणक व प्रिंटर दिसत नाहीत. ही सोय मुख्य राउटरवरच ठेवावी. 'ॲक्सेस पॉइंट' केलेल्या दुसऱ्या राउटरवर ती पुष्कळदा नीट वेगळी राहत नाही. मात्र गेस्टचाही बाहेरचा पत्ता आमचाच असतो, हे विसरून चालत नाही. म्हणून रात्री दहानंतर ते आपोआप बंद होईल असे केले व आलटून पालटून पासवर्ड बदलतो.

सध्या त्यावर गल्लीतील पाच मुले आहेत. नवा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून भाची स्वतः प्रत्येकाच्या घरी देऊन येते. व्हॉट्सॲपवर पाठवायचा नाही, असे त्या मुलांनीच ठरविले आहे.