टोपीची रायफल आणि तिचे कारागीर

बंदूक म्हटली कीं पांढरपेशा घरांतील वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठी पडावयाचीच. हिंसेचें हत्यार, त्याचें कौतुक तें काय करावयाचें? आक्षेप खोटा नाहीं. तथापि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत इंग्लंडमध्यें घडविलेली टोपीची जुनी रायफल हातीं आली, तर ती कोणावर रोखली गेली असेल हा विचार क्षणभर बाजूस सारून, ती घडविली कोणी व कशी, हें पाहण्याजोगें आहे.

या बंदुकीचा जनक एक धर्मोपदेशक होता, ही त्यांतली पहिली मौज. स्कॉटलंडांतील बेल्हेल्वी गांवचे पाद्री अलेक्झांडर फोर्सिथ यांस पाणपक्ष्यांच्या शिकारीचा नाद. त्या काळच्या चकमकीच्या बंदुकींत घोडा पडला कीं ठिणगी उडे, रंजक पेटे आणि मग कानावाटे आंतील दारूस आग लागे. रंजकाचा भपका पाहून पक्षी तेवढ्या अवधींत पाण्यांत बुडी मारी! फोर्सिथ यांनीं रंजकाच्या जागीं नुसत्या आघातानें पेट घेणारें द्रव्य योजिलें. लंडनच्या टॉवर नामक किल्ल्यांत सरकारच्या आश्रयानें त्यांचे प्रयोगही चालले. परंतु १८०७ सालीं खात्याचा अधिकारी बदलला आणि नव्या साहेबांनीं त्यांस गाशा गुंडाळावयास सांगितलें. त्याच वर्षीं त्यांनीं आपल्या शोधाचें पेटंट घेतलें. पुढें अशाच द्रव्याची तांब्याची इवलीशी टोपी निघाली, आणि तीसएक वर्षांनीं इंग्रजी सैन्यानेंही ती पत्करली. १८५७ सालीं ज्या काडतुसांवरून आपल्या देशांत वणवा पेटला, तीं याच जातीच्या एन्फील्ड रायफलीचीं.

सैन्याच्या बंदुका हजारोंनीं निघत. खरी करामत दिसते ती शिकारीसाठीं, गिऱ्हाइकाच्या मापानें केलेल्या रायफलींत. गोळी फिरत जावी व नेम ढळूं नये म्हणून नळीच्या आंत पिळाच्या सरी पाडीत. हें एका माणसाचें काम नव्हे. नळी करणारा वेगळा, कळ कानशीनें घांसणारा वेगळा, दस्ता बसविणारा वेगळा, नक्षी कोरणारा वेगळा. उंची नळीसाठीं लोखंड व पोलाद यांच्या कांबी एकत्र तापवून त्यांस पीळ देत, मग ती पट्टी गजाभोंवतीं वेटाळून घणानें सांधीत. नळी तयार झाली कीं तिला मुद्दाम गंज चढवीत! चढवावयाचा, घांसून काढावयाचा, पुन्हा चढवावयाचा. लोखंड आणि पोलाद निरनिराळा रंग धरीत आणि तपकिरी अंगावर लाटांसारखी वेलबुट्टी उमटे. कळीचे भाग हाडांच्या व कातड्याच्या कोळशांत पुरून लाल तापवीत आणि एकदम पाण्यांत टाकीत. त्यानें वरचा थर कठीण होई व त्यावर निळ्या-पिवळ्या छटा येत. (सोंवळ्यांतल्या वाचकांनीं येथें क्षमा करावी.)

दस्ता अक्रोडाच्या लांकडाचा. त्यांत लोखंड बसविण्याची रीत आपल्या सुतारांनींही ऐकावी. कळीस दिव्याची काजळी फांसावयाची, ती खांचेंत दाबावयाची, लांकडास जेथें काळा डाग लागेल तेवढेंच पटाशीनें तासावयाचें. पुन्हा काजळी, पुन्हा दाब. शेवटीं दोहोंच्या सांध्यांत केंसही शिरूं नये. दुनळी रायफलीचें दुखणें आणखी निराळें. दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एकाच ठिकाणीं लागावयास हव्यात. म्हणून बार काढून पाहावयाचे, डाख वितळवून नळ्या किंचित् हलवावयाच्या, आणि पुन्हा बार. कळ उघडली तर आंतल्या कमानीही आरशासारख्या घांसलेल्या. आणि त्या तर मालकास क्वचितच दिसावयाच्या!

वर नांव मात्र दुकानदाराचें. जोसेफ मँटन हा लंडनमधील मोठा नांवाजलेला बंदूकवाला. पेटंटांचे कज्जे खेळला, आणि १८२६ सालीं त्याचें दिवाळें वाजलें. त्याच्याकडे काम केलेल्या जेम्स पर्डी व टॉमस बॉस यांनीं आपापलीं दुकानें थाटलीं. तीं नांवें अजून चालतात. बाकीच्यांस ना दुकान, ना नांव.

पुढें मागून काडतूस भरण्याची सोय निघाली. १८६६ पासून सरकारनें एन्फील्ड रायफलींच्या नळ्या मागच्या बाजूनें कापून त्यांस स्नायडरची नवी रचना बसविली, आणि शिकाऱ्यांच्या सुंदर रायफली हळूहळू पेटींत पडल्या. दारूचा व टोपीचा मळ न धुतल्यास नळीस आंतून खातो; त्यामुळें आज राहिलेल्या पुष्कळ रायफली बाहेरून देखण्या व आंतून झिजलेल्या आढळतात. अशी नळी दस्त्यावरून उचलली, तर खालच्या अंगास, एरवीं लांकडाखालीं दडलेलीं, दोन बारीक अक्षरें ठोकलेलीं कधींकधीं सांपडतात. तीं नळी करणाराचीं.