गगनबावड्याची बांबूची बेटे

सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर वसलेल्या गगनबावड्यातून करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट कोकणात उतरतात, आणि जांभ्याचा सडा, दाट रान व भातखाचरांचे बांध अशा जवळजवळच्या जागी बांबूची निरनिराळी बेटे आढळतात. या बेटांतील जाती ओळखणे मात्र दिसते तितके सोपे नाही. बांबू हे झाड नसून गवत आहे, आणि वनस्पतीची जात फुलावरून ठरवण्याचा शास्त्राचा शिरस्ता येथे फारसा उपयोगी पडत नाही, कारण काटेरी कळक कित्येक दशकांतून एकदा फुलतो, बी धरतो आणि वाळून जातो. म्हणून अभ्यासकाला कोवळ्या कोंबाभोवतीच्या आवरणावर, म्हणजे त्याचे पाते, पात्याच्या तळाशी असलेली जिभिका नावाची पातळ पट्टी आणि आवरणावरील लव यांवर भिस्त ठेवावी लागते. हे कोंब पावसाळ्यात फुटतात व आवरणे पुढे गळून पडतात. त्यामुळे घाटात पाय ठरत नाही अशाच दिवसांत सर्वेक्षणाचे सर्वांत मोलाचे काम करावे लागते.

नावांचा गुंता याहून अवघड आहे. कळक म्हणजे उंच, पोकळ, काटेरी ‘बाम्बुसा बाम्बोस’, याविषयी सहसा मतभेद नसतो. परंतु मेस, चिवा, माणगा ही नावे गावागणिक जात बदलतात. उतारावर आपोआप वाढणारी, बुटकी, लवदार कोंबांची ‘स्यूडोऑक्सिटेनँथेरा रिची’ आणि बिनकाट्याची, जवळजवळ भरीव काठीची ‘डेंड्रोकॅलॅमस स्टॉक्सी’ या दोन्ही जातींचे वर्णन विल्यम मन्रो यांनी 1868 साली केले, तर कोल्हापूर जिल्ह्याची एकूण वनस्पतिसंपदा यादव आणि सरदेसाई यांच्या 2002 च्या ग्रंथात नोंदली गेली. तरीही लॅटिन नावाशेजारी गावचे नाव आणि बुरडाने सांगितलेला उपयोग, म्हणजे सूप, डालगे, इरले की नुसती काठी, लिहिल्याशिवाय नोंद पुरी होत नाही, असेच म्हणावे लागते.

यांतली ‘स्टॉक्सी’, जिला अनेक ठिकाणी माणगा म्हणतात, विशेष लक्ष देण्याजोगी आहे. ती क्वचित फुलली तरी बी धरत नाही, म्हणून तिची लागवड कंद किंवा काठीचे तुकडे लावूनच होते आणि ती मुख्यतः बांधांवर व परसांत टिकून आहे. केवळ जंगलाची पाहणी करणाऱ्याच्या यादीतून ती सहज निसटेल. वन कायद्यातील 2017 च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरील बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळल्यामुळे शेतकऱ्याला तो तोडणे व विकणे सुलभ झाले असल्याने, कोणत्या बांधावर कोणते बेट आहे आणि त्याचा कंद कोणत्या गावाहून आणला होता, हे आताच लिहून ठेवणे निकडीचे आहे.