ब्रिस्टलचा पावसाळी मुक्काम

अमेरिकेंतील ब्रिस्टल हें गांव दोन राज्यांत वसलेलें आहे. स्टेट स्ट्रीट या त्याच्या मुख्य रस्त्याची एक बाजू व्हर्जिनियांत, तर दुसरी टेनेसींत. मधोमध सीमेच्या पितळी खुणा बसविल्या आहेत. छत्री एका राज्यांत उघडावी आणि दुसऱ्यांत मिटावी, अशी गंमत! कन्येच्या घरीं जातांना डोंगरांतील पावसानें पुढची वाट धरूं दिली नाहीं, म्हणून जांवईबापूंनीं मोटार येथें थांबविली. सेवानिवृत्तीनंतर आम्हां उभयतांस घाई अशी कसलीच उरलेली नाहीं. तेव्हां येथील संगीताचें संग्रहालय पाहावें असें ठरलें.

१९९८ सालीं अमेरिकन काँग्रेसनें या गांवास ‘कंट्री’ संगीताचें जन्मस्थान म्हणून मान्यता दिली व २०१४ सालीं हें संग्रहालय उघडलें. कंट्री म्हणजे मूळचें डोंगराळ खेड्यापाड्यांतलें गाणें. फिडल, गिटार आणि बँजो हीं त्याचीं वाद्यें. पैकीं बँजोचे पूर्वज आफ्रिकेंतून गुलाम करून आणलेल्या लोकांबरोबर आले. जन्मस्थान हा शब्द मात्र आम्हांस तितकासा पटला नाहीं. अटलांटा शहरीं १९२३ सालींच अशा गाण्यांची तबकडी निघाली होती, आणि गाणें तर त्याहून कितीतरी जुनें.

१९२७ च्या २५ जुलैपासून ५ ऑगस्टपर्यंत व्हिक्टर कंपनीतर्फे राल्फ पीर येथें टोप्यांच्या व्यापाऱ्याच्या एका इमारतींत यंत्र मांडून बसले होते. तबकडी मेणाची, गाणें सुमारें तीन मिनिटांत उरकावयाचें. त्या बारा दिवसांत १९ गायकमंडळ्यांचीं ७६ ध्वनिमुद्रणें झालीं. व्हिक्टरच्या तबकडीवर कर्ण्यापुढें कान देऊन बसलेला कुत्रा पाहतांच आमच्या सौभाग्यवती उद्गारल्या, “अगबाई, हा तर आमच्या माहेरच्या ग्रामोफोनवरचा!” खरेंच, ‘हिज मास्टर्स व्हॉइस’चें तेंच चित्र हिंदुस्थानांतही घरोघर पोंचलें होतें.

क्लिंच पर्वताच्या पायथ्याच्या खेड्यांतून कार्टर कुटुंब आलें. ए. पी. कार्टर, त्यांची पत्नी सारा आणि धाकट्या भावाची बायको मेबेल. दोघी जावा, शिवाय चुलत-मावस नात्यांतल्या बहिणीही. मेबेल अठरा वर्षांची आणि गरोदर. साराचें तान्हें मूल, जो, बरोबर. त्याला सांभाळावयास आठ वर्षांची थोरली मुलगी ग्लॅडिस. १ व २ ऑगस्ट या दोन दिवसांत त्यांचीं सहा गाणीं मुद्रित झालीं. मेबेलचा अंगठा गिटारच्या जाड तारांवर चाल वाजवी, बोटें बारीक तारांवर ठेका धरीत. पुढें ही रीत शेंकडों वादकांनीं उचलली. साराचा आवाज खडा आणि खोल. ए. पी. मनांत आलें तर खालच्या सुरांत साथ करीत, नाहींतर गप्प राहत. “संसारांतही तसेंच असेल,” असा सौभाग्यवतींचा शेरा.

तो शेरा अगदींच निराधार नव्हता. ए. पी. गाणीं गोळा करीत डोंगरोडोंगर हिंडत. लेस्ली रिडल हा पाय गमावलेला काळा गिटारवादक त्यांच्या सोबत असे, ए. पी. शब्द टिपीत, रिडल चाली ध्यानांत ठेवी. पण त्यांतील कित्येक गाण्यांवर नांव लागलें तें ए. पीं.चेंच. सारा मुलाबाळांसह मागें राही. १९३० नंतरच्या दशकांत उभयतांचा काडीमोड झाला. तरी पुढें कित्येक वर्षें तीं दोघें एकत्र गात राहिलीं! कानांला यंत्र लावून तें गाणें ऐकतांना आमच्या चाळीस वर्षांच्या संसारांतील अबोल्याचे कांहीं दिवस आम्हांस आठवले. शेजारच्या बांकावर सौभाग्यवतीही तेंच गाणें ऐकत होत्या. बाहेर पाऊस चालूच होता. बराच वेळ कोणीच उठलें नाहीं.

कार्टरांच्या खेड्यांत त्यांची कन्या जॅनेट हिनें १९७० नंतरच्या दशकांत दर शनिवारीं गाण्याची बैठक सुरू केली. विजेचीं वाद्यें तेथें चालत नाहींत. त्या बैठकीचा मंडप तिच्या भावानें, ब्रिस्टलास कडेवर आलेल्या त्या जोनें, उभारला. आम्ही गेलों तो बुधवार होता.