परदेशी बिऱ्हाड – लेखांक ९ : माणसं नव्हे, चुली मोजा

गेल्या आठवड्यात आपण घरभाड्याचा करार आणि अनामत रक्कम समजून घेतली. किल्ल्या हातात आल्या, गाद्या आल्या, आणि पहिल्याच शनिवारी रिकाम्या स्वयंपाकघरात उभं राहून कुणीतरी विचारतं, "काय रे, कॉस्टकोचं कार्ड काढायचं का?" कॉस्टको म्हणजे वर्षाची वर्गणी भरणाऱ्यांना घाऊक भावात माल देणारं गोदाम, आणि अमेरिकेत शिकायला आलेल्या मुलामुलींच्या बिऱ्हाडात हा प्रश्न हमखास निघतो. सीनियर म्हणतात, डोळे झाकून काढा. फोनवर आई म्हणते, स्वस्त पडत असेल तर घ्या बाई, पण वाया घालवू नका. आईच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग जास्त महत्त्वाचा आहे, आणि आजचा लेख त्याच्याबद्दल आहे.

ही गोदामं कुणासाठी निघाली?

सॉल प्राइस आणि त्यांचा मुलगा रॉबर्ट यांनी १९७६ मध्ये सॅन डिएगोत, विमानांच्या एका जुन्या हँगरमध्ये 'प्राइस क्लब' उघडला. गिऱ्हाईक ठरलेलं होतं : छोटे दुकानदार आणि व्यावसायिक. वर्षाला २५ डॉलर वर्गणी भरायची आणि घाऊक भावात माल उचलायचा. नोकरदार घरांना दार पुढे उघडलं. प्राइस यांच्याकडे दुकानदारी शिकलेले जिम सिनेगल यांनी जेफ्री ब्रॉटमन यांच्यासोबत १९८३ मध्ये सिअ‍ॅटलला कॉस्टको सुरू केलं. त्याच वर्षी वॉलमार्टच्या सॅम वॉल्टन यांनी ओक्लाहोमात सॅम्स क्लब काढला. १९९३ मध्ये प्राइस क्लब आणि कॉस्टको एक झाले.

हा इतिहास आपल्या स्वयंपाकघराशी थेट जोडलेला आहे. इथली पुडकी आजही खानावळीच्या मापाची आहेत, कारण मूळ गिऱ्हाईक धंदेवाईक होतं. नेहमीच्या सुपरमार्केटमध्ये तीसेक हजार प्रकारच्या वस्तू असतात. कॉस्टको चार हजारांच्या आसपासच ठेवतं. वस्तू मोजक्या, खरेदी प्रचंड, आणि माल लाकडी पॅलेटवरून उतरवून मांडण्याचीही तसदी नाही. म्हणून भाव खाली राहतो. मालावर नफा थोडा घ्यायचा आणि कमाई वर्गणीतून करायची, असं हे गणित आहे. २०२४ च्या आर्थिक वर्षात कॉस्टकोला नुसत्या वर्गणीतून सुमारे ४.८ अब्ज डॉलर मिळाले. त्या वर्षीचा निव्वळ नफा सुमारे ७.४ अब्ज होता. म्हणजे ज्याने कार्ड काढलं आणि वर्षभरात चारच वेळा वापरलं, तो दुकानाला सर्वांत सोयीचा सभासद. आपल्याला तो व्हायचं नाही.

वर्गणी किती जड?

कॉस्टकोचं साधं कार्ड सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ६५ डॉलर झालं. त्याआधी ते ६० होतं. सॅम्स क्लबने २०२२ मध्ये आपलं साधं कार्ड ४५ वरून ५० वर नेलं. पूर्वेकडच्या राज्यांत बीजेज नावाचं तिसरं गोदाम भेटतं. त्याची वर्गणी २०२५ च्या सुरुवातीला ५५ वरून ६० झाली.

६५ डॉलर चौघांत वाटले तर माणशी सव्वासोळा डॉलर होतात. महिन्याचा हिशोब केला तर अख्ख्या घराला साडेपाच डॉलरपेक्षाही कमी. महिन्याला तेवढी बचत झाली की वर्गणी वसूल, त्यावरची सगळी आपली. इतकी कमी रक्कम पाहून लोक लगेच हो म्हणतात. पण घाटा वर्गणीत होत नाही, तो फ्रीजमध्ये होतो. त्याकडे येतोच.

त्याआधी मोठ्या कार्डाविषयी. काउंटरवर तुम्हाला १३० डॉलरचं 'एक्झिक्युटिव्ह' कार्ड सुचवतील, कारण त्यावर बहुतेक खरेदीचे २ टक्के वर्षाअखेरीस परत मिळतात. जादा ६५ डॉलर वसूल व्हायला वर्षाला ३,२५० डॉलरची, म्हणजे महिन्याला सुमारे २७१ डॉलरची खरेदी तिथेच व्हायला हवी. पेट्रोल यात धरलं जात नाही. शिवाय डाळी, कणीक, मसाले, पोहे, कोकम हे सगळं आपण 'पटेल ब्रदर्स'सारख्या देशी दुकानातूनच आणणार. चार विद्यार्थ्यांच्या घराला साधं कार्ड पुरतं.

जितके टक्के स्वस्त, तितके टक्के फेकले की संपलं

एक उदाहरण घेऊ. आकडे समजुतीपुरते आहेत. गोदामात पालकाचा एक पाउंडाचा डबा ४ डॉलर ८० सेंटला आहे. पाउंडात १६ औंस, म्हणजे औंसाला ३० सेंट. कोपऱ्यावरच्या दुकानात ५ औंसांची पिशवी अडीच डॉलरला, म्हणजे औंसाला ५० सेंट. गोदाम सरळ ४० टक्के स्वस्त.

आता तो डबा घरी आला. सोमवारी पालकाची पातळ भाजी झाली, बुधवारी कुणी आमलेटमध्ये मूठभर टाकला. शुक्रवारी डबा उघडला तर तळाशी चिकट काळपट लगदा. निम्मा डबा कचऱ्यात गेला. पोटात गेले ८ औंस, पैसे गेले ४ डॉलर ८० सेंट. औंसाला ६० सेंट पडले, कोपऱ्यावरच्या दुकानापेक्षा महाग.

यातून एक नियम निघतो, तो पाठच करून ठेवा : वस्तू जितके टक्के स्वस्त, तितके टक्के वाया गेली की फायदा शून्य, आणि त्याहून जास्त गेली की तोटा. ४० टक्के स्वस्त पालक ४० टक्के फेकला तर तो कोपऱ्यावरच्याच भावाने पडला. २० टक्के स्वस्त दह्याचा पाचवा हिस्सा आंबून गेला तरी तेच.

आपल्या घरांत सालाचं धान्य भरायची रीत होती, ती याच नियमावर उभी होती. एप्रिल-मेमध्ये गहू-तांदूळ स्वस्त म्हणून पोती आणायची. पण नुसती आणून ठेवायची नाहीत. उन्हं दाखवायची, निवडायचं, तांदळाला बोरिक पावडर लावायची, गव्हात कडुलिंबाचा पाला घालायचा. पोतं आणण्याइतकंच ते टिकवण्याचं काम मोठं होतं. पालक, कोथिंबीर, मशरूम, बेकरीतले डझनभर मफिन यांचं सालाचं धान्य होत नसतं. तांदूळ, तेल, साखर, काजू-बदाम, फ्रोझन मटार, कपड्यांचा साबण, टॉयलेट पेपर आणि कचऱ्याच्या पिशव्या यांचं होतं. गोदामाची यादी दुसऱ्या गटापासून सुरू करायची.

चूल एक की चार?

आता मुख्य प्रश्न. घरात माणसं किती, यावर लोक निर्णय घेतात. पण पाहायचं असतं ते हे, की घरात चुली किती. एकाच ओट्यावर चौघं चार वेगवेगळ्या वेळी चार वेगवेगळे स्वयंपाक करत असतील, फ्रीजचा एकेक कप्पा एकेकाचा असेल, एक अंडंही न खाणारा आणि एक रोज चिकन खाणारा असेल, तर ती चार घरं आहेत. त्यांच्यासाठी गोदामाचं पुडकं मोठंच. पण पाळ्या लावून एकत्र स्वयंपाक होत असेल, तर ते चार माणसांचं एक घर आहे आणि तीच पुडकी नेमकी बेताची ठरतात.

दूध पाहा. कॉस्टकोत ते बहुतेक ठिकाणी एकेक गॅलनच्या दोन कॅनच्या जोडीत मिळतं, म्हणजे साडेसात लिटर. एकट्याने हे आणलं तर अर्धं नासेल. चौघांच्या एका चुलीवर ते आठवडाभर माणशी दिवसाला पाव लिटरच्या जरा वर पडतं : दोन वेळचा चहा, सकाळचं ओट्स आणि रात्री लावलेलं विरजण. सहज संपतं. तांदळाची २० पाउंडांची पिशवी म्हणजे ९ किलो. माणशी रोज १०० ग्रॅम धरले तर तीन आठवडे चालते.

टेक्सासमधल्या आमच्या बिऱ्हाडात कार्ड खऱ्या अर्थाने वसूल केलं ते तुपाने. कॉस्टकोत बिनमिठाचं लोणी चार पाउंडांच्या खोक्यात येतं, म्हणजे सुमारे १.८ किलो. अमेरिकी नियमाप्रमाणे लोण्यात किमान ८० टक्के स्निग्धांश असावा लागतो, त्यामुळे तूप उतरतं साधारण १.४ किलो. महिन्यातून एका रविवारी दुपारी सगळ्यांत जाड बुडाचं पातेलं निघायचं. स्मोक अलार्म वाजू नये म्हणून खिडकी उघडायची, शेगडी मंद ठेवायची. आधी पांढरा फेस भरभरून वर येतो, मग हळूहळू बसतो. मोठे बुडबुडे बारीक होतात, आवाज तडतडीवरून कुजबुजीवर येतो आणि तळाची बेरी बदामी दिसू लागते. त्या क्षणी शेगडी बंद. गाळून झालं की पास्ता सॉसच्या धुऊन ठेवलेल्या चार बाटल्या ओळीने मांडायच्या आणि सारख्या भरायच्या. चौथी बाटली भरेपर्यंत कुणी ओट्यापासून हलायचं नाही. बेरी साखर घालून तिथेच संपायची. देशी दुकानातल्या तयार तुपाच्या बरणीशी भाव ताडून पाहिला, तेव्हा महिन्याची वर्गणी एवढ्या एका वस्तूतच निघत होती.

त्या चार बाटल्यांत एक धडा होता. आपल्या इमारतीत चार घरं मिळून हापूसची पेटी आणतात, तेव्हा पेटी उघडल्या दिवशीच आंबे मोजून वाटले जातात. 'लागतील तसे घ्या' असं कुणी म्हणत नाही. गोदामाचा मालही तसाच वाटायचा : ज्या दिवशी आला त्या दिवशी, सगळे घरात असताना.

कार्ड कुणाच्या नावावर?

सभासद एकच असतो. त्याच्यासोबत त्याच पत्त्यावर राहणाऱ्या आणखी एकाला घरातलं दुसरं कार्ड मोफत मिळतं, आणि त्यासाठी नातं लागत नाही. म्हणजे चौघांच्या घरात दोन कार्डं. कार्डावर फोटो असतो आणि २०२४ पासून दारातच कार्ड स्कॅन करायला लागले आहेत, त्यामुळे एकाचं कार्ड दुसऱ्याने नेणं विसरा. बाकी दोघं पाहुणे म्हणून सोबत येऊ शकतात. सभासदाला दोन पाहुणे नेता येतात, पैसे मात्र कार्डवाल्यानेच भरायचे.

यातून तीन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. पहिली, ज्याच्याकडे गाडी आहे त्याच्याकडे एक कार्ड असावं. येण्याजाण्याला टॅक्सी करावी लागत असेल तर दोन फेऱ्यांत महिन्याची बचत उडते. दुसरी, घर सोडून जाणाऱ्याचं काय? कॉस्टको वर्गणी समाधान न झाल्यास पूर्ण परत करतं, पण ती ज्याच्या नावावर कार्ड त्याला मिळते. तेव्हा पैसे चौघांनी भरले असतील तर परतावाही चौघांचा, हे व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर लिहूनच ठेवा. तिसरी, बिल चुकतं करायचं कसं? कॉस्टकोच्या अमेरिकेतल्या गोदामांत क्रेडिट कार्ड फक्त व्हिसा कंपनीचं चालतं. नव्या विद्यार्थ्यांकडे पहिलं क्रेडिट कार्ड पुष्कळदा डिस्कव्हरचं असतं. अशा वेळी डेबिट कार्ड किंवा रोख जवळ हवी, नाहीतर भरलेली ट्रॉली काउंटरवर सोडावी लागते. सॅम्स क्लबमध्ये ही अडचण नाही.

दारातून बाहेर पडताना माणूस पावती आणि ट्रॉली ताडून पावतीवर मार्करची रेघ मारतो. ती पावती फेकू नका. घरी आल्यावर चौघांनी मिळून प्रत्येक ओळीसमोर लिहा : सगळ्यांचं, की कुणा एकाचं. मग ती रक्कम खर्चाची वाटणी करणाऱ्या स्प्लिटवाइज अ‍ॅपमध्ये टाका. तूप न खाणाऱ्याने तुपाचे पैसे का भरावे, हा प्रश्न तोंडावर न विचारता मनात साठतो, आणि बिऱ्हाडं मोडतात ती अशा साठलेल्या प्रश्नांनी.

एक शेवटची माहिती. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं कॉस्टकोच्या फार्मसीतून घ्यायला सभासदत्व लागत नाही. कार्ड नसलं तरी त्या खिडकीवर भाव जरूर विचारा.

निकाल

दोघंच राहत असाल, गाडी नसेल आणि जेवण वेगवेगळं असेल, तर कार्ड काढू नका. चौघं असूनही चुली चार असतील, तर फक्त न नासणाऱ्या वस्तूंची यादी करा; महिन्याला साडेपाच डॉलर त्यातून सुटत असतील तरच काढा. एक चूल, एक गाडी आणि फ्रीजरमध्ये जागा असेल, तर साधं कार्ड बिनधास्त काढा.

आणि तेही पहिल्या शनिवारी नको. एक महिना नेहमीच्या दुकानांतून आणा, काय किती संपलं आणि काय किती फेकलं हे फ्रीजच्या दारावर कागद चिकटवून लिहा. मग एखाद्या सीनियरसोबत पाहुणे म्हणून गोदामात एक फेरी मारा आणि त्या कागदावरच्या वस्तूंचे तिथले भाव टिपून आणा. पुढच्या आठवड्यात आपण वीज आणि इंटरनेटच्या बिलांची वाटणी पाहणार आहोत. तोवर कागद चिकटवा, आणि फेकलेल्या वस्तूंचा रकाना प्रामाणिकपणे भरा. कार्ड काढायचं की नाही, ते तोच रकाना सांगेल.