मुद्राचित्रांतील फुलपाखरू

चित्रकलेच्या तासास मुलांना विषयाची मोकळीक दिली असता कागदावर फुलपाखरू हटकून उमटते, आणि शोभेची वस्तू म्हणून ते सोडून दिले जाते. आधुनिक मुद्राचित्रकारांनी याच कीटकाकडून किती भिन्न अर्थ वदवून घेतले आहेत, हे शिक्षकांनी पाहण्याजोगे आहे.

अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल याने 1983 साली नष्ट होऊ घातलेल्या प्राण्यांवर 10 मुद्राचित्रांचा संच केला. हत्ती, वाघ, गेंडा यांच्या पंक्तीस त्याने सॅन फ्रान्सिस्कोकडील 'सिल्व्हरस्पॉट' हे फुलपाखरू बसविले. प्रत्येक चित्र 38 इंच चौरस. म्हणजे हत्ती व बोटभर पंखांचा कीटक कागदावर एकाच मापाचे झाले. चित्राचे सारे म्हणणे या मापात आहे. लग्नपत्रिका छापतात त्याच रीतीने, चौकटीवर ताणलेल्या जाळीदार कापडातून रंग दाबून, ही चित्रे छापली गेली. त्यांतील भडक रंग काहींस उथळ वाटतील. परंतु जे नाहीसे होत आहे ते रस्त्यावरील जाहिरातीइतके ठसठशीत दिसावे, असा अर्थ लावणे अधिक सयुक्तिक होय.

इंग्लंडच्या डेमियन हर्स्ट याची वाट निराळी. प्राचीन ग्रीक भाषेत आत्मा व फुलपाखरू या दोहोंस एकच शब्द होता. हर्स्टच्या 2010 सालच्या मुद्राचित्रसंचाचे नावही 'आत्मे' असेच आहे. तापविलेल्या ठशाने चकचकीत रंगीत वर्ख कागदावर दाबून त्यात फुलपाखरे उमटविली आहेत. त्यांचे पंख उघडे व निश्चल, टाचणीने टोचून ठेवल्यासारखे. तेज आणि मृत्यू एकाच आकृतीत. याच कलावंताने लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयातील 2012 च्या प्रदर्शनात बंद दालनात जिवंत फुलपाखरे ठेविली होती. त्यांतील हजारो मेली व त्यावर टीका झाली. ती रास्तच होती. जे कागदावरील वर्खाने साधते, त्यासाठी जीव खर्ची घालण्याचे कारण नव्हते.

वर्गातही फुलपाखरू पकडून आणावयास लावू नये. कागदास मधोमध घडी घालून एका बाजूस ओल्या रंगाने एक पंख काढावा व घडी दाबावी. दुसरा पंख आपोआप उमटतो. हेही मुद्राचित्रच. फरक इतकाच, की वॉरहॉलच्या जाळीतून प्रत्येक चित्राच्या 150 प्रतींची आवृत्ती निघाली, घडीतून एकच निघते. रंग वाळेपर्यंत, हे फुलपाखरू कोणते व त्याची अळी कोणत्या झाडावर वाढते, हे मुलांस विचारावे. लिंबाच्या आणि रुईच्या पानांखाली शोध घेतल्यास पुष्कळ उत्तरे मिळतील.